दवबिंदूचा संकर फुलला, पण बी धरत नाही: कोल्चिसिन वापरावं का? (वडोदरा)

दांडियाबझारकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बागकाम विभागात कीटकभक्षी वनस्पतींवर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर मांडतो.

आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत दवबिंदूंच्या, म्हणजे ड्रोसेराच्या, कुंड्या आहेत. त्यातले दोन मुख्य: लांब पट्टीसारख्या पानांचा दक्षिण आफ्रिकेतला ड्रोसेरा कॅपेन्सिस आणि जमिनीलगत गोल चकती करून बसणारा ड्रोसेरा स्पॅट्युलाटा. गेल्या हिवाळ्यात दोघांचा संकर केला. स्पॅट्युलाटाला आई ठेवलं. ह्या झाडांच्या दांड्यावर एका वेळी एकच फूल उमलतं, तेही सकाळच्या उन्हात, आणि दुपारपर्यंत मिटून जातं. मिटताना परागकोश कुक्षीला चिकटतात आणि फूल स्वतःच स्वतःला फळवून टाकतं. त्यामुळे जे काही करायचं ते उमलण्याआधी. कळीच्या टोकाला रंग दिसला की भल्या पहाटे भिंगाखाली ती उघडायची, घड्याळजीच्या चिमट्याने पाचही परागकोश काढायचे आणि ऊन वर आलं की कॅपेन्सिसचं ताजं फूल आणून त्याचे पराग कुक्षीवर टेकवायचे. दांड्याला रंगीत दोरा बांधून ठेवायचा, नाहीतर कुठली बोंडं संकराची आणि कुठली साधी ते नंतर कळत नाही.

रोपं आली. पानं दोघांच्या मधली आहेत: देठ लांब, टोक चमच्यासारखं पसरट, उन्हात लालबुंद. देखणी झाडं आहेत. आता त्यांना फुलंही आली, पण बोंडं सुकून रिकामी निघतात. आत बारीक भुसा, बी नाही.

रसायनांच्या धंद्यातल्या एका ओळखीच्यांनी सुचवलं की कोल्चिसिनने गुणसूत्रं दुप्पट केली की वंध्य संकर बी धरू लागतो, आणि ते मिळवून देता येईल. दुसऱ्या एकांनी ईएमएस (इथाइल मिथेनसल्फोनेट, जनुकांत बदल घडवणारं रसायन) सांगितलं, की त्याने नवेनवे रंग आणि आकार निघतात. वडोदऱ्यात अशा वस्तू मिळणं कठीण नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. घरात आई आहे, लहान मुलगी आहे. विकत आणण्याआधी इथे विचारतोय. कुणी वापरलंय का? आणि मुळात गरज आहे का?

मांजलपूरकर

मस्त धागा! फोटो टाका ना दादा.

मला वाटतं आणायला हरकत नाही. परदेशातले हौशी लोक कोल्चिसिन सर्रास वापरतात, त्यांचे व्हिडिओ आहेत. हातमोजे, मास्क, गच्चीवर मोकळ्या हवेत काम. एक थेंब कोंबावर टाकायचा, दोन दिवसांनी धुऊन टाकायचं. गाउटच्या (सांधे सुजण्याच्या विकारावरच्या) गोळ्यांमध्ये हेच औषध असतं आणि लोक त्या रोज खातात. मग एवढं घाबरायचं कशाला?

गुणसूत्र

दांडियाबझारकर, तुमचं काम नीट झालेलं दिसतंय. मी आयुष्यभर पेशीशास्त्र शिकवलं, त्यामुळे ह्या प्रश्नावर थोडं लांब बोलणार आहे.

बी का धरत नाही, ते आधी पाहू. पराग आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात, आईकडून आलेलं एक आणि वडिलांकडून आलेलं एक. संकरात दोन घराण्यांची गुणसूत्रं एकत्र येतात आणि त्यांना जोडीदार सापडत नाही. आपल्याकडच्या दांडियात समोर कुणी उभंच नसलं तर टिपरी मारायची कुठे, तशी अवस्था. मग वाटणी वेडीवाकडी होते आणि पराग पोकळ निघतात.

हे सगळ्यात आधी ज्यांच्यात नीट पाहिलं गेलं त्या वनस्पतींमध्ये दवबिंदूच आहे, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आलंय. स्वीडनच्या ओटो रोझेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपातल्या दोन जातींचा नैसर्गिक संकर सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. गोल पानांच्या ड्रोसेरा रोटंडिफोलियात 20 गुणसूत्रं, लांब पानांच्या ड्रोसेरा अँग्लिकात 40. संकरात 30. त्या 30 मधून 10 जोड्या लागत होत्या आणि 10 गुणसूत्रं एकटी भटकत होती. 1909 साली त्यांचं हे काम छापून आलं. पुढे कित्येक वर्षं इतर पिकांच्या संकरांमध्ये असंच दिसलं की शास्त्रज्ञ त्याला 'ड्रोसेरा पद्धत' म्हणत.

दहा जोड्या का लागल्या, ह्याचं उत्तरही ह्याच घराण्यात आहे. अँग्लिका स्वतःच एका जुन्या संकरातून आलेली मानतात: रोटंडिफोलिया आणि उत्तर अमेरिकेतला ड्रोसेरा लिनिआरिस, दोघेही 20 चे. त्यांचा संकर वंध्य. कधीतरी निसर्गात त्याची गुणसूत्रं आपोआप दुप्पट झाली, 40 झाली, प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि बी धरणारी नवी जात उभी राहिली. जपानमधला ड्रोसेरा टोकाइएन्सिसही तसाच: रोटंडिफोलियाचे 20, स्पॅट्युलाटाचे 40, संकरात 30, दुप्पट होऊन 60. म्हणजे तुमच्या गॅलरीतला स्पॅट्युलाटा त्या गोष्टीतला एक पालक आहे!

कोल्चिसिन हेच दुप्पट करणं जबरदस्तीने घडवतं. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांना ओढणारे जे तर्कूतंतू असतात, ते ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे बनतात. कोल्चिसिन त्या ट्यूब्युलिनला धरून बसतं, तंतू बनत नाहीत, गुणसूत्रांची नक्कल झालेली असते पण पेशी दुभंगत नाही. 1937 मध्ये ब्लेकस्ली आणि एव्हरी या शास्त्रज्ञांनी वनस्पतींवर हे दाखवलं आणि जगभर त्याची लाट आली. ह्यातून एक फरक लक्षात घ्या: कोल्चिसिन जनुकांची अक्षरं बदलत नाही, संच वाढवतं. ईएमएस अक्षरंच बदलतं. दोन्ही एकाच कामाची नव्हेत.

मी विद्यार्थ्यांसमोर कोल्चिसिन वापरलं आहे, पण प्रयोगशाळेत, हवा बाहेर ओढून घेणाऱ्या शोषकपेटीत, कुलूपबंद कपाटातून मोजून काढून. योग्य देखरेखीत ते करता येतं असं माझं मत आजही आहे. घराच्या गॅलरीत नाही.

आणि त्याआधी एक साधी गोष्ट करा. संकराचं ताजं फूल आणा, पराग अॅसिटोकार्मिन ह्या लाल रंगात चुरडून पाहू. दवबिंदूचे पराग चार-चारच्या गठ्ठ्याने सुटतात. भरलेले लाल होतात, पोकळ फिके राहतात. सगळेच पोकळ आहेत की थोडे भरलेले आहेत, हे कळल्याशिवाय पुढचा विचार करण्यात अर्थ नाही. माझ्याकडे जुना सूक्ष्मदर्शक आहे.

नंदेसरी_शिफ्ट

मी रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात आहे, नाव-गाव सोडून द्या. मांजलपूरकर, तुमच्या गोळीच्या मुद्द्यावर आधी बोलतो, कारण हाच गैरसमज मी सतत ऐकतो.

गाउटची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. डॉक्टर ती मूत्रपिंड, यकृत, बाकीची औषधं बघून देतात, कारण उपकारक मात्रा आणि घातक मात्रा यांच्यातलं अंतर फार कमी आहे. शरीराच्या दर किलोमागे 0.8 मिलिग्रॅम ही मात्रा बहुतेक प्राणघातक धरतात, आणि त्याहून कमी मात्रेतही मृत्यू झाले आहेत. आता हिशोब करा. झाडांसाठी जी शुद्ध पूड मिळते ती ग्रॅममध्ये येते. 15 किलोच्या मुलीसाठी 12 मिलिग्रॅम, म्हणजे चमच्याच्या टोकावर नजरेला जेमतेम दिसेल इतकी पूड.

त्याहून वाईट म्हणजे ते लगेच काही दाखवत नाही. पोटात गेल्यावर काही तासांनी, कधी दिवसभराने, उलट्या-जुलाब सुरू होतात. घरच्यांना वाटतं बाहेरचं खाल्लं असेल. मग एक-दोन दिवसांत रक्तपेशी बनवणारी मज्जा थांबते, मूत्रपिंड, हृदय, फुप्फुसं एकेक करून कोसळतात. जे वाचतात त्यांचे केस पुढे गळतात. ह्याला आपल्याकडे सहज मिळणारा उतारा नाही, डायलिसिसनेही ते रक्तातून निघत नाही. डॉक्टर फक्त शरीराला आधार देत राहतात.

हे विष कोकणात-देशावर कुणाला नवीन नाही. कळलावीच्या कंदात तेच असतं. कळलावीचा कंद खाऊन माणसं दगावतात ती ह्याच विषाने. औषधासाठी कोल्चिसिन काढायला आपल्या देशात कळलावीचीच शेती होते.

आता 'गच्चीवर, मोकळ्या हवेत' बद्दल. पूड तोलताना वारा नको असतो! गच्चीवर पूड उडाली की ती वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर बसते. उकळून ती मरत नाही. आणि द्रावण झिरपावं म्हणून त्यात बरेच जण डीएमएसओ नावाचं द्रावक मिसळतात. डीएमएसओ त्वचेतून आत जातं आणि जे विरघळलेलं असेल ते बरोबर घेऊन जातं. मेडिकलमधले पातळ हातमोजे त्याला फार वेळ अडवत नाहीत. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी, धुतलेलं पाणी, चिमटा, पुसायचा कापूस, सगळं त्या विषाचं होतं. दवबिंदूच्या कुंड्या तर कायम पाण्याच्या ताटलीत उभ्या असतात. मांजर येऊन त्या ताटलीत तोंड घालतं.

ईएमएस तर घरात आणण्याचा विचारही करू नका. ते बिनरंगाचं पातळ द्रव आहे, वास सौम्य, त्यामुळे धोका जाणवत नाही. वाफ श्वासातून जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग घडवू शकेल अशा 2बी गटात ठेवलंय. झाडाच्या डीएनएला ते जे करतं तेच तुमच्या डीएनएला करतं, त्याला झाड आणि माणूस यांच्यात फरक कळत नाही. प्रयोगशाळेत ते वापरून झालं की सोडियम थायोसल्फेट आणि अल्कलीत निकामी करतात, मगच कचऱ्यात जातं. गटारात कधीच नाही.

कुणीतरी आता सोडियम अझाइड सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. बार्लीवर ते उत्परिवर्तक म्हणून वापरतात. ते पेशींचा श्वास सायनाइडप्रमाणे रोखतं, आम्लात पडलं तर विषारी वायू सोडतं, आणि तांब्या-शिशाच्या नळांत साचलं तर स्फोटक क्षार तयार होतात. घरच्या सिंकमध्ये काय होईल याची कल्पना करा.

'वडोदऱ्यात मिळणं कठीण नाही' हे खरं आहे. म्हणूनच लिहायला बसलो.

दांडियाबझारकर

नंदेसरी दादा, गुणसूत्र बाई, दोघांचे मनापासून आभार. प्रतिसाद दोनदा वाचले. कोल्चिसिनचा विषय माझ्यापुरता संपला.

पण एक विचारतो. ओरिझॅलिन हे तणनाशक आहे, तेही गुणसूत्रं दुप्पट करतं असं वाचलंय. ते तर शेतात फवारतात. ते तरी चालेल का?

नंदेसरी_शिफ्ट

ओरिझॅलिन आणि ट्रायफ्लुरॅलिन ही एकाच कुळातली. ती वनस्पतींच्या ट्यूब्युलिनला घट्ट धरतात, प्राण्यांच्या ट्यूब्युलिनला फारच कमी. त्यामुळे कोल्चिसिनच्या मानाने माणसाला धोका कितीतरी कमी, हे मान्य. आज बऱ्याच प्रयोगशाळा कोल्चिसिन सोडून त्यांच्याकडे वळल्या आहेत ते त्यामुळेच. पण ते पाण्यात विरघळत नाही, म्हणजे पुन्हा डीएमएसओ किंवा अल्कोहोल. आणि तणनाशक आहे, हे विसरून कसं चालेल? बाजूच्या कुंड्यांची मुळं तेही धरेल. घरात लहान मूल असताना माझं उत्तर 'नको' हेच.

गुणसूत्र

इथे माझं मत थोडं वेगळं. ज्याच्याकडे वेगळी खोली आहे, कुलूप आहे आणि शिकवणारं कुणी शेजारी आहे, अशा विद्यार्थ्याला मी ओरिझॅलिन वापरू देईन. नंदेसरी, तुमची काळजी समजते, पण सगळ्याच रसायनांना एका तराजूत घातलं तर लोक खरोखरीच्या विषाचाही इशारा ऐकेनासे होतात. दांडियाबझारकरांच्या घरी मात्र तुमचंच उत्तर लागू.

होळकरवाडा

इंदूरहून लिहितोय. सोयाबीनच्या पैदाशीत नोकरी गेली, त्यामुळे ईएमएस आणि गॅमा किरण दोन्ही जवळून पाहिले आहेत. 'नवे रंग, नवे आकार निघतात' ह्या वाक्यावर बोलायला हवं, कारण धोक्याइतकंच ते वाक्यही लोकांना फसवतं.

ईएमएस डीएनएतल्या ग्वानिन ह्या अक्षराला एक इथाइल गट चिकटवतं. तसं ग्वानिन पुढच्या नकलेत सायटोसिनऐवजी थायमिनशी जोडी करतं आणि एक अक्षर बदलतं. कुठलं अक्षर, कुठल्या जनुकात, यावर कुणाचाही ताबा नसतो. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातक. शिवाय प्रक्रिया केलेलं पहिलं झाड ठिपक्याठिपक्यांचं बनतं: एका कोंबात एक बदल, दुसऱ्यात दुसरा. आणि बदल बहुधा दबलेले असतात, म्हणजे त्या झाडात दिसतच नाहीत. त्याचं स्वफलित बी पेरून पुढच्या पिढीत ते वर येतात. त्या दुसऱ्या पिढीत हजारो रोपं लावून एकेक डोळ्याखालून घालायची. भाभा अणुसंशोधन केंद्राने ट्रॉम्बेत किरणांच्या मदतीने भुईमुगाचं टीएजी-24 हे वाण आणलं, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर सोयाबीनचं टीएएमएस-38 आणलं. त्यामागे एकरांनी जमीन आणि वर्षांनी काळ आहे. गॅलरीतल्या कुंड्यांत तो आकडा कुठून आणणार?

आणि तुमचा संकर तर वंध्य आहे. स्वफलित बीच नाही, तर दुसरी पिढी कशी येणार? म्हणजे ज्यांनी ईएमएस सुचवलं त्यांनी तुमचा प्रश्नच ऐकला नाही.

अजून एक. सोयाबीनचं बी भिजवून, जाळीत घालून तासन्‌तास वाहत्या पाण्यात धुता येतं. दवबिंदूचं बी इतकं बारीक की जाळीतून पाण्याबरोबर निघून जाईल. धुतलं नाही तर ईएमएस बियाच्या अंगावर राहतं आणि तेच हात तुम्ही कुंडीला लावता. पाण्यात ते हळूहळू आपोआप विघटतं हे खरं, 20 अंशांना अर्धं व्हायला साधारण 93 तास, 30 अंशांना 26 च्या आसपास. वाचणाऱ्या कुणाला वाटेल, उन्हाळ्यात बाटली बाहेर ठेवली की झालं. तसं नाही. अर्धं गेलं तरी अर्धं उरतं, आणि उन्हात वाफही जास्त होते.

ह्या शास्त्राची सुरुवात झाली तीच हात भाजून. शार्लोट आउअरबाख एडिनबरोत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मस्टर्ड वायूने फळमाशांत उत्परिवर्तन घडवत होत्या. रसायनाने जनुकं बदलतात हे त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉब्सन यांनी सिद्ध केलं. त्या कामात त्यांच्या हातांना भाजलं होतं. त्यांना धोका माहीत होता, तरी साधनं तेवढीच होती. आज आपल्यासमोर तशी सक्ती नाही.

कुंडीभर_माती

सगळं वाचलं. पण मुळातला प्रश्न मला कळलाच नाही. दांडियाबझारकर, तुम्हाला बी कशासाठी हवंय?

दवबिंदूचं एक निरोगी पान देठासकट तोडा, आरओच्या पाण्यात तरंगत ठेवा, झाकण लावा, उजेडात ठेवा, ऊन थेट नको. काही आठवड्यांत पानावर छोटी छोटी रोपं उगवतात. एका पानावर चार-पाच सहज. कॅपेन्सिसच्या तर मुळाच्या तुकड्यांपासूनही झाड होतं. तुमचा संकर ह्या दोघांचा, तोही पानावरून येणारच. आणि बियापासून केलं तर रोपं पुन्हा विस्कटणार, एकसारखी येणार नाहीत. पानापासून केलं तर तंतोतंत तेच झाड. आवडलेलं झाड वाढवायला वंध्यत्व आड येतच नाही.

माझ्याकडे अमेरिकेतल्या एका संकराची झाडं आहेत, कधी बी दिलं नाही, तरी मित्रांच्या सगळ्या घरांत पोचली आहेत.

होळकरवाडा

+1. हे वाक्य पहिल्या प्रतिसादात यायला हवं होतं.

दांडियाबझारकर

कुंडीभर, तुमचं बरोबर आहे. मला बी हवं होतं ते पुढच्या पिढीसाठी, त्यात आणखी एक जात घालून बघण्यासाठी. वाढवायला नव्हे. ते नीट लिहायला हवं होतं.

गुणसूत्र

मग पुढच्या पिढीसाठीही घाई नको. निसर्गाने जे अँग्लिका आणि टोकाइएन्सिसमध्ये केलं ते अधूनमधून कुंडीतही होतं. वंध्य संकराचा एखादा पराग किंवा एखादं बीजांड गुणसूत्रांची वाटणी न करताच पक्व होतं. त्यातून एखादं बी धरतं. म्हणून रिकामी बोंडं फेकू नका. प्रत्येक सुकलेलं बोंड पांढऱ्या कागदावर झटका, भिंगाने पहा. भुशातला काळा, भरीव, चकचकीत दाणा दिसला तर तो वेगळा पेरा. संकराच्या फुलांवर दोन्ही पालकांचे पराग टाकत राहा. खूप फुलं, खूप धीर, आणि दरवर्षी ते पानांपासून वाढवलेले जुळे हाताशी असले की फुलंही भरपूर. पानांवर जी रोपं उगवतात, त्यातही क्वचित एखादं दुप्पट निघू शकतं. पान जाड, वाढ संथ, आणि पानामागच्या रंध्रांच्या रक्षकपेशी मोठ्या दिसल्या तर मला दाखवा.

दुप्पट झालेलं झाड जास्त सुंदर असेलच असं मात्र नाही. बरीचशी बेढब असतात.

सड्यावरची

मी रत्नागिरीजवळची. पावसाळ्यात आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दवबिंदू जमिनीला लाल करून टाकतात, त्यामुळे हा धागा आनंदाने वाचला. ड्रोसेरा बर्मानी आणि ड्रोसेरा इंडिका, दोन्ही जाती आहेत. बर्मानीच्या कडेचे केस किडा बसला की काही सेकंदांत आत वळतात, डोळ्यांनी दिसतं. त्याच्या फुलात पाच कुक्षीवृंत असतात, ते न दुभंगलेले. तुमच्या कॅपेन्सिसमध्ये तीन, प्रत्येक दुभंगलेला, नाही का? त्यावरून कुणालाही ओळखता येतं.

एक मनापासूनची विनंती. सड्यावरून, कास पठारावरून झाडं उपटून संकरासाठी नेऊ नका. आणि तुमचे संकर, बी, कुंडीतलं जुनं माध्यम (मातीचं मिश्रण), काहीही बाहेर उघड्यावर टाकू नका. इथली माती कातळावरचा पातळ थर आहे, त्यात परकी रोपं घुसली की परत काढता येत नाहीत. आणि एखाद्याने त्यावर कोल्चिसिन टाकलेलं असेल तर त्या कुंडीतल्या मातीचं काय करायचं, याचं उत्तर इथे कुणी दिलेलं नाही.

दांडियाबझारकर

सड्यावरची ताई, हो, कॅपेन्सिसमध्ये तीन दुभंगलेले, त्यामुळे सहा दिसतात. बर्मानी आणि इंडिका दोघांचा एकमेकांशी संकर करून बघावा असं वाटलं होतं, पण ती एकाच घराण्यातल्या फार दूरच्या फांद्या आहेत, म्हणून आशा नाही. माझं जुनं माध्यम मी उन्हात कडक वाळवतो आणि कुंडीतच परत वापरतो, बाहेर नाही.

मांजलपूरकर

मी सुरुवातीला जे लिहिलं ते मागे घेतो. पण आता एक खरी अडचण सांगतो. माझ्या एका मित्राकडे कोल्चिसिनची छोटी बाटली आहे, सीलबंद नाही, थोडी वापरलेली. कुणीतरी दिली होती. घरच्या फ्रीजमध्ये, दरवाजाच्या कप्प्यात. हा धागा त्याला दाखवला तर तो घाबरला आणि बेसिनमध्ये ओतायला निघाला. मी थांबवलंय. काय करायचं?

नंदेसरी_शिफ्ट

थांबवलंत हे फार चांगलं केलंत. बेसिन, गटार, विश्वामित्री नदी, कचराकुंडी, जाळणं, पुरणं: यातलं काहीच नाही.

आत्ता एवढंच करा. मोठ्या माणसाने, हातमोजे घालून, बाटली उघडू न देता उभीच बाहेर काढायची. झाकण घट्ट आहे का फक्त पाहायचं. ती मोठ्या जाड प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवायची, भोवती कोरडा कापूस दाबायचा, बरणीचं झाकण लावायचं. बरणीवर मराठीत आणि गुजरातीत 'कोल्चिसिन, जीवघेणं विष, उघडू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहायचं. कुलपात ठेवायचं. फ्रीजचा तो कप्पा ओल्या कापडाने साबणाने पुसायचा, कापड पिशवीत बांधून त्याच बरणीबरोबर. फ्रीजमधलं उघडं अन्न टाकून द्यायचं. हात साबणाने धुवायचे.

मग बाटली ज्यांच्याकडून आली त्यांनाच परत द्यायची. ज्या प्रयोगशाळेतून किंवा कारखान्यातून ती निघाली, तिथे घातक कचऱ्याची नोंद आणि उचलण्याची व्यवस्था असते. ते नाही म्हणाले तर मला व्यक्तिगत निरोप करा, जिल्ह्यात अशी रसायनं घेणारी अधिकृत सोय आहे, नेमकं कुठे विचारायचं ते सांगतो. मित्राला किंवा घरात कुणाला पोटात दुखणं, उलट्या, जुलाब असं काही होतंय का? झालं तर थांबायचं नाही, थेट मोठ्या रुग्णालयात, आणि बाटलीच्या लेबलचा फोटो सोबत.

मांजलपूरकर

नाही, कुणालाच काही नाही. बरणी शोधतोय. आभारी आहे. ज्यांनी दिली त्यांना उद्या सकाळी फोन करतोय.

दांडियाबझारकर

मांजलपूरकर, तो फोन झाला की इथे एक ओळ नक्की टाका.

माझं ठरलं. संकराची पानं पाण्यात टाकली आहेत. मे महिन्यात गॅलरीचं तापमान कॅपेन्सिसला झेपत नाही, म्हणून पालक झाडं आत दिव्याखाली आणतोय, स्पॅट्युलाटा जाळीखाली ठेवून बघतो. पाणी आरओचं, मीटरवर 50 पीपीएमच्या आत असलं तरच. एसीचं पाणी कुणी वापरायला सांगत असेल तर त्यात नळीतल्या तांब्याचा अंश येऊ शकतो, म्हणून मी टाळतो.

बाई, पराग बघायला कधी येऊ?

गुणसूत्र

रविवारी सकाळी या. फूल झाडावरच राहू द्या, अख्खी कुंडी घेऊन या, वाटेत पाणी सांडू नका. नऊनंतर फूल उघडतं, दहापर्यंत पोचलात तर ताजे पराग मिळतील. बरोबर स्पॅट्युलाटाचंही एक फूल आणा, भरलेले पराग कसे दिसतात ते त्याच काचपट्टीवर शेजारी ठेवून पाहता येईल. कमाटीबागेच्या दिशेने आलात की फोन करा.